अक्काचं दुपटं आणि हट्टी मांजर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही.

त्या गावात एक बाई धाकट्या भावाच्या घरी राहत असे. सगळे तिला अक्का म्हणत. तिला शिवणाचा फार नाद. घरकाम आटोपलं, की ती ओसरीवर जुनी लुगडी अंथरून गोधडी शिवायला बसे. तिचं एक मांजर होतं, करड्या रंगाचं.

भावाला मुलगा झाला. त्या गावची रीत अशी, की बारशाला बाळाला आत्याने शिवलेल्या दुपट्यावरच निजवायचं. अक्काने आपल्या आईचं मऊ झालेलं लुगडं काढलं आणि टाके घालायला घेतले. पण सुई चालू लागली की मांजराची उडी आलीच. दोरा ओढून ते ओळच्या ओळ उसवून टाकी. अक्का सुई खाली ठेवी, त्याला मांडीवर घेई, "असं करतात का रे राजा," म्हणत पाठ चोळी आणि खाली सोडी. घटकाभराने पुन्हा तेच.

पाणवठ्यावर बाया हसू लागल्या. म्हणाल्या, दुपटं मांजरच शिवतंय, अक्का नुसती सुई ओवते.

बारशाला पाच दिवस उरले, तेव्हा भाऊ चिडला. म्हणाला, "अक्का, पाहुण्यांपुढे माझी शोभा होईल. उद्या मी याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडतो."

अक्का कधी वर मान करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"मांजर कुठं जाणार नाही आणि दुपटंही अडणार नाही. पोतं आणलंस, तर आधी मला नदीपलीकडे सोड."

भाऊ एवढंच म्हणाला, की बारशापर्यंत बघतो.

तो गेल्यावर अक्काने मांजराला विचारलं, "का रे छळतोस मला?"

मांजर म्हणालं, "मी तुझ्याजवळ नुसता बसतो, तेव्हा तू बघत नाहीस. कापडावर उडी मारली, की मांडी मिळते. मग उडी का सोडू? नाही सोडणार."

अक्काला चूक उमगली. ती म्हणाली, "बरं. आता तुझा हट्ट आणि माझा हट्ट."

दुसऱ्या दिवशी शिवायला बसण्याआधीच तिने चिंधीला गाठ मारून मांजराला अंगणभर पळवलं. ते दमल्यावर त्याला दूधभाकरी घातली. आपल्या शेजारी उन्हात एक फाटकी घोंगडी अंथरली आणि मग सुई हातात घेतली.

मांजराने उडी मारली. अक्काने त्याला अलगद खाली ठेवलं, दोरा मुठीत धरला आणि भिंतीकडे बघत बसली. रागावली नाही आणि गोंजारलंही नाही. मांजर ओरडलं, अंग फुगवून बसलं, पुन्हा उडी मारली. दोन दिवस असे गेले. दुपटं वीतभरही सरकेना. भाऊ येता-जाता बघे. अक्काचे डोळे भरून येत, पण ती हलली नाही.

तिसऱ्या दिवशी मांजर कंटाळलं आणि आपणहून घोंगडीवर जाऊन बसलं. त्याच क्षणी अक्काने सुई बाजूला ठेवली आणि त्याचा गळा खाजवला. मनसोक्त खाजवला.

मग मांजराने घोंगडी सोडली नाही आणि अक्काने सुई. बारशाच्या सकाळी शेवटचा टाका पडला. घाईत एक ओळ जरा वाकडी गेली होती. बाळाला त्याचं काय? ते दुपट्यावर गाढ झोपलं. पाळण्याशेजारी मांजर पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. भावाने ते पाहिलं, आत गेला आणि दुधाची वाटी आणून स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवली.

तात्पर्य: खोडी केल्यावर माया मिळाली तर खोडीच वाढते, म्हणून माया करावी, ती खोडीच्या आधी.