घर मावेल एवढा टीव्ही

टीव्ही नुकते भिंतीवर चढायला लागले होते, त्या काळातली गोष्ट. पाचगणीच्या एका बंगल्यात दिवाणखान्याच्या भिंतीत एक म्हातारी शेकोटी होती. तिच्या डोक्यावरचा छोटा टीव्ही उतरवून कुमुदबाईंनी तिथे भलामोठा टीव्ही लावला.

जाता जाता छोटा हळूच म्हणाला, "मावशी, जपून राहा. मी बंद झालो की माझ्या काळ्या काचेत जेमतेम एक दिवा मावायचा. याच्यात अख्खं घर मावेल."

मोठा वरून गुरकावला, "म्हातारे, तुझ्या धगीनं माझा जीव जातोय. विझ आधी!"

"विझेन रे, पण मग ही माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतील कुठं?"

त्याच संध्याकाळी कुमुदबाईंनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि शेकोटीच्या तोंडावर फळी ठोकली.

थंडी वाढली, तेव्हा टीव्हीनं पडद्यावर जाळ दाखवला. घरातले सगळे सोफ्यावर बसून त्याच्यापुढे हात धरून शेकू लागले. त्यांना ऊबही लागली म्हणे!

एके दिवशी भरदुपारी वीज गेली. शेकोटीनं फळीच्या फटीतून समोरच्या भिंतीवरल्या आरशात पाहिलं. टीव्हीच्या काळ्या काचेत कुमुदबाई आणि घरातले सगळे ओळीनं बसले होते, हात तसेच पुढे धरून.

सोफ्यावर कोणीच नव्हतं.