इंजिनावरचा पांढरा डाग

“मग तो जात का नाही, महाराज?”

रेवणबाबांनी मान वर केली नाही. ते मठाच्या घाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

“काय जात न्हाई?”

“डाग. इंजिनावरचा डाग!”

त्यांचा शिष्य दिगंबर खालच्या पायरीवर उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात तारेची घासणी, आणि चेहरा असा की डाग इंजिनावर नसून त्याच्याच नावावर पडला असावा. शेजारच्या दगडी कट्ट्यावर होडीच्या मागे लावायचं इंजिन उभं करून ठेवलेलं होतं. त्याचं काळं झाकण वरपासून खालपर्यंत पांढऱ्या ओघळांनी भरलं होतं. घासून घासून रंगाची चमक गेली होती. डाग मात्र होता तिथंच होता.

धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं आणि टेकडीवरचा मठ बेटावर राहिला. तेव्हापासून मठात यायचं म्हणजे होडीतूनच. इंजिन कुणा भक्तानं दिलेलं, आणि ते चालवायचा पलीकडच्या काठावरचा पोपट. हल्ली तो येत नव्हता. का येत नव्हता ते बेटावरच्या मांजरालासुद्धा माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं एवढंच.

“बघू तरी,” म्हणत बाबा खाली आले.

त्यांनी डागावरून बोट फिरवलं. नखानं थोडं खरवडलं. मग ते नख जिभेला लावलं.

“महाराज!”

“खारट न्हाई,” बाबा म्हणाले. “मला वाटलं खारट आसंल.”

दिगंबरला हसू आलं नाही. तो उपाय विचारायला आला होता, आणि गुरू डागाची चव बघत होते.

“हा धरणाच्या पाण्याचा प्रताप आहे,” त्यानं सांगितलं. “गाळ, शेवाळ, काय नाही त्यात! म्हणून मी रोज संध्याकाळी इंजिन वर काढतो आणि आपल्या बोरच्या स्वच्छ पाण्यानं धुतो. बादल्याच्या बादल्या ओततो. पोपट तर नुसतं फडकं फिरवायचा.”

“आन् पोपटच्या येळंला डाग हुता?”

दिगंबरनं घासणी या हातातून त्या हातात घेतली.

“नव्हता... पण तेव्हा इंजिन नवं होतं.”

“हं. धुतल्यावर काय करतोस?”

“काय करणार? ठेवून देतो. वाळतं आपोआप.”

बाबांनी एक शेंग फोडली. दाणे दिगंबरपुढे धरले. त्यानं घेतले नाहीत.

“आज येवढी घाई कशापायी?”

...

“पोपट उद्या जातोय,” दिगंबर म्हणाला. “मेव्हण्याकडं, दुसऱ्या धरणावर. बिऱ्हाडच हलवतोय. त्याआधी हे लखलखीत करून त्याच्या दारात न्यायचंय. म्हणजे तरी त्याला कळेल.”

“काय कळंल?”

“की माझ्या मनात काही नव्हतं.”

झालं होतं ते असं. मठाच्या उत्सवात होडी भर पाण्यात बंद पडली. माणसं खच्चून भरलेली, बायका ओरडायला लागलेल्या, आणि टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. वल्ही मारत कशीबशी काठाला आल्यावर दिगंबर सगळ्यांदेखत म्हणाला होता, “पेट्रोल कुठं जातं ते मला चांगलं माहीत आहे.” पोपटनं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि चालता झाला. नंतर कळलं, टाकीची नळी गळत होती. ती नळी बसवली होती खुद्द दिगंबरनं.

चूक कळल्यावर गप्प बसला तर तो दिगंबर कसला! तो रोज पलीकडं जाऊ लागला. पोपटच्या ओट्यावर बसून समजावू लागला. आधी चहा यायचा. मग नुसतं पाणी येऊ लागलं. काल पोपटची बायको दारातूनच म्हणाली, “झोपल्यात.” आणि आतून पोपटचा खोकला ऐकू येत होता.

परत येताना दिगंबरला फार वाईट वाटलं. बार्शीहून तो मठात आला तेव्हा पाण्याला भ्यायचा. पोपटनंच त्याला पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं होतं. त्या माणसानं दार लावून घ्यावं, हे त्याला सोसत नव्हतं.

“तू जाऊन त्याला काय सांगतोस?” बाबांनी विचारलं.

“खरं तेच. की ऊन मरणाचं होतं, लोक ओरडत होते, माझं डोकं फिरलं. नळी कोरी करकरीत होती, ती गळेल असं कुणाच्या डोक्यात तरी येईल का? माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानंही...”

“रोज हेच?”

“रोज. अगदी नीट, मुद्देसूद.”

आता बाबा काहीतरी बोलतील म्हणून दिगंबर वाट बघत राहिला. पण बाबांचं लक्ष पुन्हा इंजिनाकडं गेलं होतं.

“जरा बोरचं पाणी आण. मला बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“मलाबी ठावं न्हाई. म्हणून तर.”

दिगंबरनं तांब्याभर पाणी आणलं. झाकणावर एका अंगाला थोडी जागा अजून काळी राहिली होती. बाबांनी बोटं बुडवून तिथं दोन थेंब सोडले, जरा अंतरानं. एक उपरण्याच्या टोकानं लगेच टिपून घेतला. दुसरा राहू दिला.

“आता?”

“आता बसायचं.”

बसणं दिगंबरला कधी जमलं नव्हतं. तो उठला, घासणी धुतली, परत बसला, परत उठला. बाबा मात्र थेंबाकडं असे बघत होते, जणू काही पहिल्यांदाच पाणी बघतायत.

“महाराज, मला वेळ नाही हो...”

“श्श. त्याच्या कडंला बघ.”

दिगंबर वाकला. ऊन चांगलंच तापलं होतं. थेंब आकसत चालला होता आणि त्याच्या कडेला बारीक पांढरी रेघ उमटत होती. थेंब आणखी लहान झाला. रेघ जाड झाली. मग थेंब संपला, आणि काळ्या झाकणावर एक पांढरं कडं राहिलं.

टिपलेल्या जागी काहीच नव्हतं.

“आरं तिच्या!” बाबांनी मांडीवर थाप मारली. ते मनापासून खूश झाले होते. “पाणी गेलं, आन् हे ठिवून गेलं!”

दिगंबर बराच वेळ त्या कड्याकडं बघत राहिला.

“म्हणजे हा डाग धरणाचा नाही...”

त्यानं कड्यावरून बोट फिरवलं.

“माझ्या धुण्याचाच आहे.”

बाबा शेंगा फोडत होते.

“मग काय, धुवायचंच नाही?”

“धुवावं की. कोण नको म्हणतंय?”

दिगंबरला त्यातून काही बोध झाला नाही, उलट थोडा रागच आला. पण आता त्यालाही हे प्रकरण सोडवेना. पोपटकडं जायचंय हे घटकाभर तो विसरला.

“आणि आत्ता बसलाय तो थर? तो कसा काढायचा?”

“चहाच्या पातेल्याला आसाच थर चढतो न्हवं?”

“लिंबू!” दिगंबर ओरडला, आणि धावत स्वयंपाकघराकडं गेला.

लिंबं आली, कापली गेली. दिगंबरनं अर्धं लिंबू मुठीत धरून झाकणावर असं काही रगडायला सुरुवात केली की कट्ट्यावरचं इंजिन हलायला लागलं. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“घासू नगंस.”

“मग?”

“लाव, आन् गप बस.”

त्यांनी फडक्यावर रस पिळला, ते ओलं फडकं डागावर पसरलं आणि हात मागं घेतला. थोड्या वेळानं फडक्याच्या कडेला बारीक फेस दिसू लागला. दिगंबरचा हात आपसूक पुढं गेला.

“ऱ्हाऊ दे. त्याचं काम चाललंय. तू मधी पडू नगंस.”

...

वारा पडला होता. पाण्यात एक बगळा उभा होता, तोही हलत नव्हता.

“आता बघ,” बाबा म्हणाले.

दिगंबरनं फडकं उचललं. थर मऊ पडला होता. त्यानं वरून पाणी सोडलं, आणि या खेपेला कोरड्या पंच्यानं लगेच पुसून घेतलं. खाली काळंभोर झाकण निघालं. किती दिवसांनी तो हसला. नव्या उत्साहानं त्यानं फडकं शेजारच्या डागावर पसरलं, आणि चक्क मांडी घालून बसला.

तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला.

होडीतून पोपट उतरला. एका हातात नारळ, खांद्यावर तोच टॉवेल. दिगंबरकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. सरळ बाबांपुढं आला, नारळ ठेवला आणि वाकला.

“उद्या निघतो, बाबा. म्हणलं पाया पडून जावं.”

दिगंबर ताडकन उभा राहिला.

“पोपट, बरं झालं आलास! हे बघ, त्या दिवशीचं ऊन तुला माहीतच आहे. आणि ती नळी, ती तर अगदी कोरी...”

पोपटनं तोंड फिरवलं. तो पाण्याकडं बघू लागला.

“दिगंबर,” बाबा म्हणाले, “आ कर.”

“अं?”

“आ कर म्हणतो.”

गुरूचा शब्द. दिगंबरनं तोंड उघडलं. बाबांनी कट्ट्यावरचं अर्धं लिंबू उचललं आणि त्याच्या तोंडात कोंबलं.

“दातात धर. सोडू नगंस.”

दिगंबर तसाच उभा राहिला. लिंबाचा रस ओठांवरून हनुवटीवर ओघळला. तोंड वाकडं झालं, डोळे मिटले गेले. उन्हाचं सांगता येईना, नळीचं सांगता येईना, काहीच सांगता येईना.

त्यानं डोळे उघडले. समोर पोपट होता. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती. इतक्या दिवसांत ओट्यावर बसून दिगंबरनं त्याला नीट बघितलंच नव्हतं. बोलत होता ना.

‘चुकलं माझं’ ही एकच गोष्ट त्यानं पोपटला अजून सांगितली नव्हती. आज ती ओठांशी आली, तर तोंडात लिंबू.

त्यानं हात जोडले. मान खाली गेली. मग खांदे हलायला लागले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

...

पोपट बघत राहिला. निघून जाईल असं वाटलं. पण तो गेला नाही. हळूहळू पायरीवर टेकला. कट्ट्यावरचा कोरडा पंचा त्याच्या हाताशी पडला होता. त्यानं तो उचलला, बोटांत फिरवला.

“बाबा,” तो शेवटी म्हणाला, “दिगंबरबुवा रडत्यात, का लिंबू आंबट हाय?”

“ते इचारत बसू नगंस,” बाबा म्हणाले. “वाळायच्या आत पूस.”