उलट्या उपरण्याचा धोंडा

वेशीबाहेर, ओढ्याकाठी, पुरुषभर उंचीचा काळा धोंडा उभा आहे. गावाकडची त्याची बाजू अगदी कोरी. ओढ्याकडच्या बाजूला मात्र छातीएवढ्या उंचीवर तांबड्या ठिपक्यांची नक्षी दिसते. आम्हाला तिथे नेणारे सदूआबा रंगारी म्हणाले, "हात लावा. पुसत नाही." मी लावला आणि दचकून मागे घेतला. सावलीतला तो दगड कोमट होता.

फार पूर्वी, म्हणे, इथले रंगारी उपरण्यांवर छाप उठवत. छाप एकाच बाजूला. त्यांच्यातला भिवा आणि त्याचे चार सोबती एकदा उपरणी उलटी पांघरून फिरू लागले. कुणी विचारलं तर सांगत, "दिवसभर दुसऱ्यांसाठी रंगवतो. हा रंग आमच्या अंगाला." देसायांचा शिदोजी त्यांच्यात येऊन बसे; तोही तसंच पांघरू लागला.

गावाला हे खपलं नाही. पंच बसले. आधी शिदोजीला विचारलं, "हे काय, धाकटे सरकार?"

"हौस."

पंच हसले. "वयच आहे तुमचं."

मग भिवाला विचारलं. तोही म्हणाला, "हौस."

"तुला रे कसली हौस? हा माज!"

चौघा सोबत्यांनी माज कबूल केला, पाया पडले, उपरणी सुलटी केली. भिवा शब्द बदलेना. तेव्हा पंचांनी ठरवलं, कबूल होईपर्यंत ओढ्याकाठी उभं राहायचं, अन्न नाही, पाणी नाही.

आई रोज येऊन विनवी, "म्हण रे बाबा, माज होता म्हण. शब्दच तर आहे."

"शब्दच आहे ना, आये? मग 'हौस' हा शब्द मला का देत नाहीत?"

शिदोजीही यायचा, लांबून बघून जायचा, उलट्या उपरण्यातच. पंचांपुढे एकदा तो बोलला असता तरी भिवा सुटला असता. तो बोलला नाही. सातव्या दिवशी आई पाणी लपवून घेऊन आली, तर तिथे हा धोंडा होता, असं सांगतात. छाप गावाला न दिसणाऱ्या बाजूला.

आजही देसायांच्या घरचा नवरदेव उलटं उपरणं पांघरून इथे नारळ फोडतो. त्याला 'हौस फेडणं' म्हणतात. रंगाऱ्यांनी मात्र सुलटंच यायचं.

"आबा, तुम्ही कधी उलटं पांघरलंत?" मी विचारलं.

त्यांनी आधी गावाकडे पाहिलं.

"एकदा. घरात. दार लावून."