सायाळीचे पान आणि कासवाचे कान

सागाच्या एका जंगलात, तळ्याकाठच्या बिळात, एक सायाळ राहत असे. सायाळ म्हणजे साळिंदर; अंगभर काटे आणि नाकावर राग. पण हिचा तोरा काट्यांचा नव्हता, कवितेचा होता. गळून पडलेला काटा ती पळसाच्या फुलांच्या रसात बुडवी आणि सागाच्या रुंद पानावर एकेक ओळ लिही. एका शब्दासाठी अख्खा दिवस घालवी आणि शब्द सापडला की उपाशीपोटीसुद्धा सुखाने झोपे. हरणे आणि ससे बिळापाशी येऊन पान वाचत, मागच्या ओळीवर जाऊन पुन्हा वाचत आणि काही न बोलता निघून जात. त्या न बोलण्याचा सायाळीला फार अभिमान वाटे. आणि का वाटू नये, मुलांनो? कष्टाची कमाई होती ती.

त्याच तळ्यावर, वाळलेल्या फांदीवर, एक कोतवाल पक्षी बसे. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा आणि बोलण्यात पटाईत. लिहिण्याशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. संध्याकाळी सारे पाण्यावर जमले की तो कविता बोलून दाखवी. मध्येच गप्प होई, मध्येच ससाण्यासारखा ओरडून सशांना दचकवी, एकच ओळ फिरून फिरून आणी. रानडुकरेसुद्धा चिखलात पाय आपटून त्याला दाद देत. सायाळ मात्र नाक मुरडी. शेपटी हलवून मिळवलेली दाद ही काय कविता, असे ती बिळाच्या तोंडाशी बसून म्हणे. कोतवालही काही कमी नव्हता. पानावरचे शब्द पानाबरोबर सुकतात, असे तो फांदीवरून ऐकवी.

सायाळीची पहिली कविता वाचली होती ती तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाने. तिला कवी म्हणणारे पहिले तेच. आता त्याची नजर गेली होती. त्यात उन्हाळा चढला, तळे आटू लागले. आणि पाणी आटले की हे कासव तळाच्या चिखलात स्वतःला पुरून घेऊन झोपत असे. सायाळीने याच तळ्यावर एक कविता लिहिली होती, आजवरची सर्वांत चांगली. पान घेऊन ती धावतच गेली.

कासव म्हणाले, "पोरी, वय झालं माझं. या खेपेला वर येईन की नाही, सांगता येत नाही. चिखलात पान नेता येत नाही. कानात राहील तेवढंच बरोबर येईल."

मग काय, त्याच संध्याकाळी सायाळ सगळ्यांसमोर उभी राहिली. मी म्हणून दाखवू का, असे कोतवालाने विचारले, तेव्हा माझे शब्द माझ्याच तोंडून जातील, असे तिने त्याला ठणकावले. पान तोंडासमोर धरले आणि लिहिले होते तसे एका दमात वाचून काढले. एकेका ओळीत इतके काही भरलेले की एक गोष्ट उमगेपर्यंत पुढच्या दोन निघून जात. माकडे जांभया देऊ लागली. कासवाने हळूच मान कवचात ओढून घेतली. माकडांचे सायाळीला काही वाटले नाही, पण ती आत गेलेली मान पाहून तिला रडू कोसळले.

दुसऱ्या दिवशी कोतवाल बिळापाशी उतरला. तो हसला नाही.

"ताई, कविता चांगलीच आहे," तो म्हणाला. "पण डोळा मागच्या ओळीवर परत जाऊ शकतो, कानाला तसं जाता येत नाही. कानासाठी ओळीलाच परत यावं लागतं."

सायाळीला ते झोंबले. तरी तिने ऐकले, तोंड वाकडे करून का होईना. ज्या शब्दांसाठी दिवस घालवले होते, त्यांतले कितीतरी तिने बोलण्यातून वगळले. जीव तुटला, पण वगळले. पानाच्या मधोमध तिने एक ओळ लपवली होती, शोधील त्यालाच सापडावी म्हणून: 'तळे आटते, तळे विसरत नाही.' ती ओळ तिने आता पुढे आणली, आणि पुन्हा पुन्हा आणली. कोतवालासारखा आवाज काढायला गेली, तेव्हा त्यानेच तिला अडवले. माझा आवाज कशाला, तुझ्याकडे काटे आहेत की, असे तो म्हणाला.

तळ्यात खूर बुडण्याइतकेच पाणी उरले, त्या संध्याकाळी सायाळ पुन्हा उभी राहिली. पान बिळातच होते. कासवाच्या अगदी जवळ जाऊन ती बोलली, थांबली, शेपटीचे काटे खळखळवले आणि ती ओळ पुन्हा म्हणाली. कासवाची मान बाहेर आली, आणखी बाहेर आली. शेवटी शेवटी ससेही तिच्याबरोबर ओळ म्हणू लागले. ती पुटपुटतच कासव चिखलात उतरले. एरवी रागाने उभे राहणारे सायाळीचे काटे त्या संध्याकाळी अभिमानाने उभे होते, आणि फांदीवर कोतवालाचीही छाती फुगली होती.

पुढे तळे भरले. सायाळ रोज काठावर येऊन बसे. आणि एके सकाळी चिखलातून एक ओळखीचे कवच वर आले.

"तळे आटते, तळे विसरत नाही," कासव म्हणाले. "खाली अंधारात हीच सोबतीला होती. आता ते पान आण पोरी. त्यातलं जे तू बोलली नाहीस, तेही मला हवंय."

सायाळीने पान आणले. ते केव्हाच सुकले होते, पण अक्षर न् अक्षर शाबूत होते. कोतवालाने ते पाहिले आणि तो ऐकायला खाली उतरून बसला. सायाळ सावकाश वाचू लागली.

"थांब," कासव म्हणाले. "मागची ओळ पुन्हा."

आणि सायाळ ताठ मानेने मागच्या ओळीवर गेली.

तात्पर्य : लिहिलेली कविता वाचणाऱ्याची वाट पाहते, बोललेली कविता ऐकणाऱ्याकडे चालत जाते, दोन्हींचे कष्ट वेगळे, म्हणून एकीच्या अभिमानात दुसरीला हसू नये.