आत्ता मलाच विचार की!

ही गोष्ट फार पूर्वीची नाही, फार पुढची आहे. तेव्हा एका गावात मरण जवळजवळ थांबलंच होतं. म्हातारं माणूस थकलं, की त्याला श्वासपेटी जोडायची. पेटी चालू, तोवर माणूस जिवंत.

त्या गावात तानूबाई नावाची एक म्हातारी आणि तिचा लेक गेनू राहायचे. गेनूचा आईवर भारी जीव. सकाळी उठला की आधी पेटी पुसायचा, तार तपासायचा, दिवा हिरवा दिसला की निर्धास्त कामाला जायचा. पण ती तार उंबऱ्यापर्यंतच पुरायची. तानूबाईनं कित्येक वर्षांत अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

एकदा पेटी जुनी झाली, म्हणून गेनू नवी घेऊन आला. आई म्हणाली, "थांब जरा. पूर्वी माणूस गेल्यावर दहाव्याला काय करायचे, ठाऊक आहे ना?"

"हो. पिंड ठेवायचे. कावळा शिवला नाही, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली म्हणायचे. मग हात जोडून सांगायचे, तुझी इच्छा पुरी करतो."

"मग मेल्यावर कावळ्याकडून विचारशील, ते आत्ता मलाच विचार की! मी काय बहिरी आहे?"

गेनूला हसू आलं. "सांग आई, काय हवंय?"

"मला माहेरी ने."

माहेर नदीपलीकडे. तिथलं घर केव्हाच गेलं होतं, दारातली चिंच तेवढी उरली होती.

"आई गं, तार सोडली तर दिवस मावळेपर्यंतही तू राहायची नाहीस!"

"ठाऊक आहे रे. पुष्कळ जगले मी. पण तुझं सारं लक्ष त्या मेल्या दिव्याकडे. एकदा माझ्याकडे बघ की."

गेनू लहान पोरासारखा रडला. शेजारी धावत आला, "खुळा झालास का?" म्हणून ओरडला. पण एकदा विचारल्यावर मागे कसं फिरायचं? गेनूनं आपल्या हातानं तार सोडली आणि आईला पाठुंगळी घेतलं.

वाटभर ती बोलत होती. चिंचेखाली बसून तिनं कोवळा पाला चघळला, तोंड वाकडं केलं आणि खुदकन हसली. गेनू पहिल्यांदा कधी चालला, कुणाच्या वाफ्यात जाऊन पडला, सगळं सांगितलं. ऊन कललं तसं तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. "छान झालं बघ," म्हणाली, आणि गेली.

आईचं दिवसकार्य उरकल्यावर शेजारी गेनूला रागानं म्हणाला, "अजून किती वर्षं जगली असती रे ती!"

"जगली असती," गेनू म्हणाला. "पण तिला काय हवंय, ते मी कधी विचारलंच नव्हतं."

शेजारी तसाच माघारी वळला. घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या पेटीपाशी उभा राहिला. चाचरत म्हणाला, "बाबा, तुम्हांला काय हवंय?"

म्हातारा आधी घाबरलाच. "अरे बाबा, मला अजून भरपूर जगायचंय! फक्त चहात साखर घालत जा. आणि तो पिताना असाच जवळ बस."

शेजाऱ्यानं चुलीवर दोघांचा चहा ठेवला.

तात्पर्य: आपल्या माणसाला काय हवं, ते आपणच ठरवू नये. तो समोर असतानाच विचारावं, आणि उत्तर सोसवणार नसलं तरी ऐकावं.