हिवरटेकची बिननावाची झाडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही मोजता येत नाही. हिवरटेक गावात ठकूआत्या नावाची सुईण राहायची. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण गावातलं एकूण एक पोर तिच्याच हातावर आलेलं. म्हणून ती अख्ख्या गावाची आत्या.

विहीर आणि गाव यांच्यामध्ये तेव्हा उघडा माळ होता. एका वैशाखात दिवस भरलेली एक सून घागर घेऊन येताना तिथं चक्कर येऊन पडली आणि तिथंच बाळंत झाली. जवळपास एक झुडूप नव्हतं. ऊन कलेपर्यंत ठकूआत्या त्या दोघांवर आपला पदर ताणून उभी राहिली, असं म्हणतात. हात भरून आले, आणि तिच्या मनानं घेतलं की इथं झाडं हवीत.

पण रावजी पाटलांनी तो माळ वीटभट्टीसाठी धरून ठेवला होता. आत्यानं हात जोडले तेव्हा ते म्हणाले, "तीन आखित्या थांबतो, आत्या. तिसरीला भर दुपारी माझ्या डोक्यावर सावली दाव. न्हाई तर भट्टी लागंल." आखिती म्हणजे अक्षय तृतीया, ऐन उन्हाळ्यातली.

गाव हौसेनं कामाला लागलं. दगड वेचले, काट्यांचं कुंपण घातलं आणि ऐंशी घरांनी ऐंशी कडुनिंब लावले. ज्यानं त्यानं आपल्या झाडाला घरातली चिंधी बांधली, कुणी लुगड्याची, कुणी पटक्याची. इथंच माशी शिंकली. दुसऱ्याच्या झाडाला पाणी घातलं तर पुण्य त्याच्या पितरांना जाईल, असं एकेकाच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर खोल गेली. कुणी तापानं पडलं की त्याचं झाड वाळायचं, आणि शेजारी भरली कळशी घेऊन त्या झाडाजवळून तसाच पुढं जायचा. सात झाडं अशी गेली. ठकूआत्या त्या काटक्यांपाशी बसून रडली.

मग एका दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, तिनं सगळ्या चिंध्या सोडल्या. संध्याकाळी एकच बोंब उठली. चिंधी आहे म्हणून जागा ध्यानात ठेवायचे कष्ट कुणी घेतलेच नव्हते! भिवबा नावाचा तापट गडी आत्याच्या अंगावर धावून आला, "माझं झाड कंचं त्ये सांग आदी!"

"भिवबा," ती म्हणाली, "तुझ्या आईला कळा आल्या, तवा कुनाचं प्वार हाय ते इचारून हात लावला व्हता का रं मी?"

भिवबानं कळशी उचलली, आणि आपलं झाड कोणतं ते कळेना म्हणून अख्ख्या रांगेला पाणी घातलं. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव तेच करू लागलं. चिंध्यांचं आत्यानं एक दुपटं शिवलं आणि पुढच्या बाळाला पांघरलं.

तिसरी आखिती आली. भर दुपारी पाटील आले. आता पाटील होते ताडमाड, आणि झाडं त्यांच्या खांद्याएवढी. गावाचा जीव टांगणीला लागला. ठकूआत्या म्हणाली, "बसा की पाटील. सावलीत कुनी हुबं ऱ्हातं व्हय?"

पाटील हसले आणि बसले. असं म्हणतात की आत्यानं पदर उचलला तशा साऱ्या फांद्या त्यांच्याकडे वाकल्या. दिवस कलला, तरी पाटलांच्या डोक्यावरची सावली हलली नाही. भट्टी काही लागली नाही.

आज तिथं गावाची बाग आहे. झोपाळे आहेत, फिरायला वाट आहे, आणि रविवारी पोरंपोरी खराटे घेऊन येतात. पण बाकावर किंवा झाडावर कुणाचं नाव लिहू देत नाहीत. आखितीला घरोघरची माणसं कळशी घेऊन येतात, कारण ऐंशीतलं एक झाड ठकूआत्यानंही लावलं होतं. ते कोणतं, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सगळ्यांना पाणी घालतात.