खारी माती

फार जुनी गोष्ट. एका खाडीच्या काठी एक कुंभार राहत असे. त्याची मडकी इतकी पातळ आणि सुबक, की टिचकी मारली तर घंटेसारखी वाजत. पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

एका वर्षी उधाणानं गावाचा बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं, विहिरींत शिरलं, कुंभाराच्या मातीच्या खाणीतही शिरलं. एकेक घर सामान बांधून वरच्या माळावर निघालं. तिथं गोड्या पाण्याचा झरा होता.

कुंभाराची विधवा लेक म्हणाली, “बा, आपणही जाऊ. वर तांबडी माती आहे.”

कुंभार एकदा वर जाऊन आला. तांबड्या मातीचा गोळा त्यानं चाकावर ठेवला, आणि चार माणसांदेखत मडकं त्याच्या हातातच खचून कोसळलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. कुंभार हात न धुताच घरी परतला.

“ती माती नव्हे, मुरूम आहे,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं या हातांनी काळी माती मळली. आता उतारवयात नवशिक्यासारखा चिखलात बसू? पाणी ओसरेल.”

पाणी ओसरलं नाही. लेक एकटीच माळावर गेली. जाताना तिनं आईचा हात धरला. आई म्हणाली, “यांना टाकून कुठं येऊ गं?”

खाऱ्या मातीची मडकी भट्टीत तडकू लागली. जी टिकली, त्यांच्यावर मिठाचा पांढरा थर यायचा आणि बोट लावताच पोपडे निघायचे. कुंभार पुन्हा माती मळायचा, पुन्हा भट्टी लावायचा. लेक जमेल तेव्हा झऱ्याचं पाणी आणून द्यायची. ते संपलं की म्हातारी मचूळ पाणी प्यायची. तिचे पाय सुजले, अन्न पोटात ठरेना. तिनं तक्रार केली नाही आणि त्यानं विचारलं नाही. वैशाखात एका सकाळी ती उठलीच नाही.

माळावरून माणसं आली. तिरडी बांधून झाली. मग कुणीतरी हळूच विचारलं, “पाण्याचं मडकं?”

कुंभारानं घर धुंडाळलं. एक भरलं, ते पाझरलं. दुसरं उचलताच काठ हातात आला. कुंभाराच्या बायकोच्या अंत्यविधीला कुंभाराच्या घरात एक धड मडकं नव्हतं.

लेकीनं माळावर स्वतः घडवलेलं मडकं पुढं केलं. तांबडं, जाडसर, एका बाजूला कललेलं. ते खांद्यावर घेऊन कुंभारानं चितेला फेरे घातले. भोक पाडेपर्यंत मडक्यातून थेंबही पाझरला नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर तो लेकीला म्हणाला, “ती माती कशी मळतेस?”

“दोनदा चाळते. भाताचं तूस घालते. चाक हळू फिरवते.”

“मला शिकव.”

तो माळावर गेला आणि लेकीच्या चाकापाशी खाली बसला. पावसाळाभर त्याच्या हातून एकही मडकं सरळ उठलं नाही. खड्यांनी बोटं सोलली. लोक हसले, पण या वेळी तो उठला नाही. दिवाळीच्या सुमारास त्याचं पहिलं मडकं भट्टीतून अखंड निघालं. ते जुन्यासारखं वाजत नव्हतं, पण पाणी धरत होतं. लेक हसली.

खाली अजून दोन घरं अडून बसली होती. दुसऱ्या दिवशी तो खाडीवर उतरला आणि त्यांच्या दारात उभा राहिला.

“आता या वयात कुठं नवं शिकायचं?” आतून आवाज आला.

कुंभारानं सोललेले हात पुढं केले. “वय आड येत नाही रे. मान आड येतो. मी माझा मान सांभाळला, आणि मोल माझ्या बायकोनं भरलं.”

एक घर त्याच्यामागून चालू लागलं. दुसऱ्यानं दार लावून घेतलं.

तात्पर्य इतकंच: बदल नाकारला म्हणून टळत नाही, त्याची किंमत बहुधा जवळचं माणूस भरतं. नवशिक्या होण्याची लाज जो वेळेवर गिळतो, तोच वाढतो आणि आपल्या माणसांनाही वाचवतो.